नऊ माणसांची गाडी

आमच्या गाडीत नऊ माणसं बसत आणि नऊही जणांना काम असे. अगदी काकूच्या मांडीवरच्या दीड वर्षाच्या सुधीलासुद्धा. ती किरकिर करायला लागली, की आत फार उकडतंय असं समजून काचेची हँडलं फिरवायची.

गाडीचं नाव सांगत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच समजा. शिवाय तिच्या पश्चात तिची गाऱ्हाणी सांगायची आहेत, ती नाव घेऊन कशाला सांगा? त्या काळी रस्त्यावर जाती होत्याच मुळी तीन: अँबॅसॅडर, फियाट आणि क्वचित दिसणारी स्टँडर्ड हेरल्ड. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. म्हणून अण्णांनी 1978 साली जुनीच घेतली, एका पारशाची. ‘पारशाने वापरलेली’ हे शब्द आमच्या घरात ‘देवगडचा हापूस’च्या चालीवर उच्चारले जात. रंग आमसुली. पुढचं सीट सलग, शाळेतल्या बाकासारखं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आडवा. मे महिन्यात त्या रेक्झिनवर फ्रॉक घालून बसलं, की मांड्यांना चटका बसून जागच्या जागी उडी मारावी लागे. परवा भाच्याने न्यू जर्सीहून कौतुकाने सांगितलं, की त्याच्या गाडीतली सीटं गरम होतात. म्हटलं, आमचीही व्हायची रे, जास्तीचे पैसे न देता.

दर उन्हाळ्यात ठाण्याहून गुहागरला जायचं. पहाटे चारला निघायचं, कारण उन्हं चढायच्या आत कशेडी घाट मागे पडायला हवा, असा अण्णांचा नियम. तो एकदाही पाळला गेला नाही ते सोडा.

खातेवाटप पक्कं होतं. पुढे अण्णा, मधे मी, खिडकीशी आई. मागे बापूकाका, काकू, आजी, दादा, शेखर आणि मांडीवर सुधी. अण्णा गाडी चालवायचे आणि पेट्रोलची वही सांभाळायचे. बापूकाकांकडे रस्ता. काच खाली, अर्धं अंग बाहेर, आणि दिसेल त्या माणसाला, “काय हो, महाड हाच ना?” बारा वर्षं तोच रस्ता, पण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेखर म्हणजे डाव्या बाजूचा आरसा. कारण तसा आरसा गाडीला नव्हताच. अण्णा विचारायचे, “डावीकडे?” शेखर ओरडायचा, “मोकळं!” एकदा तो झोपेतच ‘मोकळं’ म्हणाला आणि वडखळ नाक्याला एका सायकलवाल्याने आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. काकूकडे लिंबू, आवळासुपारी आणि कागदाच्या पिशव्या. त्या पिशव्या कशासाठी, हे घाटातून गेलेल्यांना सांगायला नको.

आजी नाक होती. गाडीला तापमानाचा काटा होता, पण तो पारशाच्या काळापासून मधोमध रुसून बसलेला. आजी मात्र डोळे मिटून जप करता करता म्हणायची, “काहीतरी जळतंय.” अण्णा चिडायचे. मग दोन मैलांवर गाडी बाजूला घ्यायचे, आणि खरंच काहीतरी जळत असे. एकदा तर पेणपासून नागोठण्यापर्यंत हँडब्रेक ओढलेलाच राहिला होता. आता हँडब्रेक विसरून गाडी पुढे नेली, की टीं-टीं सुरू होतं आणि समोर तांबडा दिवा लागतो. दिव्याशी भांडता येत नाही. आजीशी येत असे, आणि भांडणात ती जिंकत असे.

माझं खातं म्हणजे दारं. चार दारांच्या चार खुंट्या. गाडी उभी केली, की मी आतून तीन खुंट्या दाबायच्या, अण्णांच्या दाराने बाहेर यायचं आणि मग अण्णांनी किल्ली फिरवायची. पुन्हा निघताना उलटी वारी. पावसात सगळे दारांशी उभे, मी आत सीटवरून लोळत मागच्या खुंट्या वर ओढतेय आणि बाहेरून नऊपैकी आठ माणसं एकाच वेळी हँडल खेचताहेत. खेचलेल्या हँडलाची खुंटी वर येत नसे. हे मी ओरडून सांगत असे, आणि ऐकत कुणीच नसे.

महाडच्या एसटी स्टँडसमोर एकदा चहाला थांबलो. घाईत चारही खुंट्या मी दाबल्या, अण्णांनी चहाच्या ओढीने दार आपटलं. किल्ली आत, लोंबकळतेय, काचेतून दिसतेय. आधी आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. मग बाजूच्या दुकानातल्या सगळ्यांनी पाहिली. सुचवण्या आल्या. शेवटी एक मुलगा आला, काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी आत सरकवली, दोनदा हलवली, टक्. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांचा चेहरा मात्र उतरला. पुढे माणगावच्या आठवणी, पोलादपूरचा वडा, कशातच त्यांचं लक्ष नव्हतं. चिपळूण आल्यावर म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आपण कुलूप कशाला लावत होतो?”

आज खिशात किल्ली असली, की मी जवळ गेल्यावर गाडी आपोआप उघडते, लांब गेल्यावर आपोआप बंद होते. तरी मी वळून एकदा हँडल ओढून पाहते. ओढल्यावर ती मला ओळखून पुन्हा उघडते. मग पुन्हा लांब जायचं. हा खेळ आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आता पाठ झाला आहे.

पण खरी गाडी कळायची ती घाटात. पोलादपूर सोडलं, की अण्णा गप्प होत. पुढे सिमेंटचा ट्रक, त्याच्या मागे आम्ही, आमच्या मागे एसटी. अकराचं ऊन. पहिल्या गिअरमध्ये गाडी हुंदके देत चढायची आणि एका वळणावर दोन आचके देऊन बंद पडायची. अण्णा नुसतं म्हणायचे, “लॉक झालं.” कारण साधं होतं, पण मला ते लग्नानंतर कळलं. पेट्रोल टाकीतून ओढून घेणारा पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला असे. चढावर गाडी हळू, वारा लागत नाही, तिथल्या पेट्रोलची वाफ होते. तो पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. मग टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी.

उपाय आईच्या खात्यात. फिरकीच्या तांब्यातलं पाणी पंचावर ओतायचं, पंचाची घडी करायची आणि बॉनेट उघडून अण्णांच्या हातात द्यायची. अण्णा तो पंपावर ठेवायचे. चर्र आवाज यायचा. दर पाच मिनिटांनी पुन्हा. पिण्याचं पाणी गाडी प्यायची आणि आम्ही करवंदं खायचो, कारण अशा जागी द्रोण घेऊन बसलेली एखादी बाई हमखास असे. गाड्या कुठे बंद पडतात, हे तिच्याइतकं कुठल्याच मेस्त्रीला माहीत नसणार. आता पंप टाकीतच बुडवलेला असतो, विजेवर चालतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. वाफ धरायला जागाच राहिली नाही. साधारण 2000 सालाच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम आवळले गेले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर चोक हा शब्दही घरातून गेला. थंडीतल्या सकाळी अण्णा चोक किती बोटं बाहेर ओढायचा, हे नाडी पाहिल्यासारखं ठरवायचे. जास्त ओढला तर प्लग ओला, कमी ओढला तर नुसतीच खर्रखर्र, आणि मग बिल्डिंगमधल्या पुरुषमंडळींना पायजम्यावर खाली बोलवायचं. धक्का मारायला.

गाडी गार झाली, चालू झाली. आता पुढचा पेच. चढावर उभी गाडी हलवायची म्हणजे ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, डावा पाय हाफ क्लचवर, आणि त्या अर्ध्या क्षणात गाडी मागे जाता कामा नये. मागे एसटीचं तोंड वीतभर अंतरावर. हँडब्रेकवर भरवसा नाही. इथे दादाचं खातं. डिकीत कायम एक दगड असे. दगड म्हणजे आजीच्या फुटलेल्या पाट्याचा तुकडा, एका बाजूला निमुळता, टाकी लावलेला, त्यामुळे चाक त्यावरून घसरत नसे. तेरा वर्षांचा दादा तो दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाखाली सरकवायचा.

“दगड?”

“लावला!”

“हात काढलास?”

“काढला!”

अण्णा रेस करायचे, गाडी थरथरायची, क्लचचा वास यायचा, आजी “गजानन, गजानन” म्हणायची आणि गाडी सुटायची. सुटायची म्हणजे सुटायचीच. पुन्हा थांबवणं शक्य नाही. त्यामुळे अण्णा सपाटी येईपर्यंत तसेच पुढे जायचे आणि दादा तो पाट्याचा तुकडा पोटाशी धरून मागून धावत यायचा. मागच्या काचेतून आम्ही त्याला पाहत असू. एसटीतले लोकही त्याला पाहत. ड्रायव्हर कधी कधी त्याला पायरीवर उभा करून घ्यायचा. दादा तेव्हा जितका ताठ उभा राहिलेला पाहिला, तितका पुढे त्याच्या लग्नातही नाही.

मी आता जी गाडी चालवते, ती चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी दोनेक सेकंद स्वतःला धरून ठेवते. तेवढे पुरतात. शोरूममधल्या मुलाने याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. मी दादाला फोन करून म्हटलं, “तुझ्या पाट्याचा तुकडा आता कंपनीच देते.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि धावतं कोण?”

कशेडीला आता बोगदा झालाय, जवळपास दोन किलोमीटरचा. राष्ट्रीय महामार्ग 17 चा 66 झाला. करवंदवालीचं काय झालं असेल?

पाऊस लागला, की आई काच पुसायची. बाहेर वायपर एका सुरात रडायचा, आत नऊ जणांच्या श्वासाने काच धुरकटायची. आई अण्णांच्या पुढ्यातून हात घालून फडकं फिरवायची आणि अण्णा दर वेळी, “दिसत नाहीये मला, हात काढ,” म्हणायचे. वायपर बंद पडला, तर बापूकाका उतरून काचेवर तंबाखू चोळायचे. त्याने पाण्याचे थेंब न थांबता पसरून वाहून जात. त्यापायी स्वतःची तंबाखू संपल्याचं दुःख त्यांना चिपळूणपर्यंत पुरे. आता एक बटण दाबलं, की एसीची कोरडी हवा काचेवर येते आणि दोन मिनिटांत काच लख्ख. लोक एसी म्हणजे गारवा समजतात. गारव्याशिवाय माझं भागेल. आमच्या वेळी पुढच्या दाराला त्रिकोणी काच असे, ती अशी तिरकी केली की वारा थेट गळ्यावर यायचा. तसला वारा अजून कुठल्याच एसीला जमलेला नाही. पण जुलैतल्या रात्री परशुराम घाटात समोरचं दिसणं, त्यासाठी मी एसीचे पैसे आनंदाने मोजते.

त्याच घाटात ओल्या रस्त्यावर अण्णा ब्रेक दाबत नसत, थोपटत असत. बाळाला थोपटावं तसं, थप-थप-थप. करकचून दाबला, की चाकं जागीच थांबतात आणि गाडी मात्र घसरत राहते, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा दरीच्या कठड्यापर्यंत जाऊन ते शिकले होते. आज एबीएस हेच काम सेकंदात कितीतरी वेळा करतं. पायाखाली पेडल थरथरतं, तेवढंच कळतं. 2019 पासून आपल्याकडे गाड्यांना ते सक्तीचं झालं. मी पहिल्यांदा ते थरथरणं अनुभवलं तेव्हा दचकून पाय काढला होता. काढायचा नसतो, दाबूनच ठेवायचा. थोपटणाऱ्या माणसाच्या मुलीला हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

आणि आईचा डावा हात तिच्या मांडीवर, उजवा माझ्या छातीपुढे. अण्णांनी जरा जोरात ब्रेक मारला, की तो हात आडवा यायचा. विचार करून नव्हे, आपोआपच. बांगड्या माझ्या हनुवटीला लागायच्या. माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला किंवा बाप्याला विचारा, आईच्या बांगड्यांचा हा मार त्यांना आठवतो. तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनियरने 1959 सालीच आणला होता आणि कंपनीने तो बाकीच्या गाडीवाल्यांनाही खुला करून दिला होता. आमच्यापर्यंत मात्र तो पोचला नव्हता. आपल्याकडे पुढच्या सीटांना पट्टे बसवणं सक्तीचं झालं 1994 मध्ये. तोवर मी नोकरीला लागले होते.

आणि पट्टा असून लावायचा कुणी? पोलीस दिसला की नुसताच खांद्यावरून ओढून धरायचा, हे आमच्याच पिढीने शोधून काढलं. मागे बसून पट्टा लावणं तर आम्हाला हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला. मागच्या सीटवर होते, पट्टा लावला नव्हता. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत मागे बसली आणि म्हणाली, “तो पट्टा कुठे खुपसायचा ते दाखव.” आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पट्टा लावल्याशिवाय मला गाडी सुरू करू देत नाही. आणि तरीही, मी ब्रेक मारला की मागून तिचा उजवा हात पुढच्या सीटच्या पाठीवर येतो.

सगळ्याच नव्या गोष्टींची मी आरती ओवाळत नाही. सनरूफ नावाचा प्रकार मला अजून कळलेला नाही. छपराला भोक पाडून वर काच बसवायची आणि मग उन्हासाठी त्या काचेला पडदा. वर त्यातून मुलांना उभं करायचं. आईच्या हाताचं काय झालं मग? दुसरं म्हणजे एसी कमी-जास्त करायला पडद्यावर बोट फिरवणं. पूर्वी हात न पाहता जायचा तिथे आता रस्त्यावरची नजर काढून चित्र शोधावं लागतं. आणि पांढऱ्या पट्ट्यात ठेवणारं ते यंत्र! आपल्या रस्त्यावर खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं, की ते उलटं ओढतं. खड्ड्यात गेलो तरी चालेल, पण रांग सोडायची नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांसारखं. मी ते घेतल्या दिवशीच बंद करून टाकलं.

बापूकाकांचं खातं मात्र कुणी पूर्ण घेऊ शकलेलं नाही. फोनमधली बाई “दोनशे मीटरवर उजवीकडे” सांगते, बरोबरच सांगते बहुतेक वेळा. पण गुहागरात आमच्या घराकडे वळायचा रस्ता ती एका कुंपणातून नेते. बापूकाका विचारायचे त्या माणसाला निदान आमचं घर माहीत असे. वर तो ओळख काढायचा, “म्हणजे तुम्ही त्या वाडीतले? तुमच्या आजोबांनी…” आणि आम्ही अर्धा तास तिथेच.

गाडी 1991 साली विकली. घेणाऱ्याने डिकी उघडून पाट्याचा तुकडा पाहिला आणि विचारलं, हा कशाला? दादाने तो काढून घेतला. त्याच्या दाराशी अजून आहे. उन्हाळ्यात वारा सुटला, की दार आपटू नये म्हणून लावतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची मुदत संपली, त्यातली शेवटची नोंदवून वीस वर्षं झाली म्हणून. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर शेखरने फोटो टाकला. खाली सगळ्यांनी आपापलं खातं लिहिलं. आवळासुपारी. डावा आरसा. खुंट्या. सुधीने लिहिलं, “मी रडायचे.”

गेल्या महिन्यात आईला दादाकडे सोडायला गेले होते. त्यांच्या इमारतीत खाली खांबांमधे गाडी लावायची, जागा अरुंद. माझ्या गाडीला मागे कॅमेरा आहे. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघा येतात, आणि अंतर कमी झालं की वाजायला लागतं. रिव्हर्स टाकला तर पडद्यावर दादा. मागे उभा, गुडघ्यात किंचित वाकलेला, दोन्ही हात वर.

“येऊ दे… येऊ दे… डावीकडे तोड जरा…”

टीं-टीं सुरू झालं. मी थांबले.

“का थांबलीस? भरपूर जागा आहे. ये.”

काच खाली करून म्हटलं, “अरे, तूच मधे आहेस म्हणून वाजतंय ते! बाजूला हो.”

“मी बाजूला झालो तर दिसणार कसं तुला?”

मागून आईने पट्टा न सोडताच सांगितलं, “त्याचं ऐक.”

टीं-टीं-टीं-टीं चालूच होतं. मी पडद्याकडे पाहायचं सोडलं आणि आरशात पाहिलं. दादाने हात अजून एक वीत मागे नेला.